रक्ताची चाचणी कुणासाठी?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्याला दारे पुष्कळ असतात, पण रात्री उघडे असते ते एकच. पाटीवर ‘अपघात विभाग’ लिहिलेले असते. आमच्या पारनेरकडची माणसे मात्र सरळ ‘कॅज्युअल्टी’ म्हणतात. नगर-पुणे रस्त्यावर सुप्याजवळ ट्रक धडकला, कल्याण रस्त्यावर टाकळी ढोकेश्वरच्या अलीकडे मोटारसायकल घसरली, रात्री पिकाला पाणी धरताना पायाला जनावर डसले, कुणी रागाच्या भरात फवारणीचे औषध प्यायले, बाईला अवेळी कळा सुरू झाल्या, म्हाताऱ्याला धाप लागली. ही सगळी माणसे अशाच एखाद्या दाराशी येतात. २०१४ सालापासून १०८ क्रमांकाची गाडीही त्यांना तिथेच आणून सोडते.

हातावर पोट असणारा माणूस दुखणे अंगावर काढतो. ताप आला तर गोळी घेतो, खोकला झाला तर काढा पितो, आणि वर्षानुवर्षे डॉक्टरचे तोंड पाहत नाही. अशा माणसाची आणि दवाखान्याची गाठ पडते ती कॅज्युअल्टीत. कित्येकांच्या बाबतीत तेवढीच. त्या भेटीत रक्त काढले जाते, आणि त्या रक्तातून आणखी एक गोष्ट कळू शकते. त्या माणसाला एचआयव्हीची बाधा आहे की नाही, ही ती गोष्ट.

मी डॉक्टर नाही. बी. ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस आहे. पण या चाचणीचा चाळीस वर्षांचा इतिहास माझ्या पिढीच्या डोळ्यांदेखत घडला आहे. तो पाहताना एकच प्रश्न पुनःपुन्हा समोर येतो. ही चाचणी करायची ती कुणासाठी? दवाखान्यासाठी, की ज्याचे रक्त आहे त्याच्यासाठी? या प्रश्नाचे उत्तर जसजसे बदलले, तसतशी माणसे दवाखान्यापासून पळाली किंवा दवाखान्यात आली.

आधी थोडी सनावळी सांगतो. जून १९८१ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरातल्या पाच तरुणांच्या एका विचित्र न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध झाली. एड्सच्या इतिहासाचे पहिले पान ते हेच. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनुसी आणि ल्यूक माँतान्ये यांच्या गटाने त्यामागचा विषाणू वेगळा काढला. त्या कामाबद्दल दोघांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९८५ साली रक्ताची चाचणी बाजारात आली. ही ‘एलायझा’ चाचणी विषाणूला थेट शोधत नाही. विषाणू अंगात शिरल्यावर शरीर त्याच्याशी लढायला जी प्रतिपिंडे तयार करते, त्यांचा माग ती काढते. बाधा आणि प्रतिपिंडे दिसणे यांत काही आठवडे जातात. तेवढ्या काळात बाधा असूनही चाचणी ‘नाही’ म्हणू शकते. आजच्या सुधारित चाचण्यांनी हा काळ कमी केला आहे, पण पुरता मिटवलेला नाही.

आपल्या देशात १९८६ साली मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी पहिल्यांदा हा संसर्ग उघडकीस आणला. निर्मला यांनी रक्ताचे नमुने घरच्या फ्रिजमध्ये ठेवले आणि तपासायला वेल्लोरला नेले. आपल्याकडे असले काही नाहीच, असे तोवर सगळे म्हणत होते. त्याच वर्षी मुंबईतही एड्सचा रुग्ण सापडला. १९८९ साली रक्तपेढीतील रक्त तपासणे बंधनकारक झाले. ते आवश्यकच होते. बाटलीतले रक्त दुसऱ्याच्या अंगात जायचे असते, आणि ते स्वच्छ असायलाच हवे. पण बाटली तपासल्यावर ती ज्याची आहे त्या माणसाचे काय करायचे, याचा विचार कुणी केलेला नव्हता.

तो न केल्यामुळे काय झाले, हे गोव्याने पाहिले. बार्देश तालुक्यातील पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा हा तरुण नियमित रक्तदान करी. त्याने दिलेल्या रक्तात एचआयव्ही आढळला. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलीस त्याला घेऊन गेले. आपल्या रक्तात काय निघाले, हे त्याला कुणी नीट सांगितलेही नव्हते. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात बाधित माणसाला वेगळे डांबण्याचे कलम घातले होते. त्या कलमाखाली त्याला पूर्वीच्या एका क्षयरुग्णालयात, दारावर पहारा बसवून, ६४ दिवस ठेवले. त्याला कसलाही आजार नव्हता. तो चालत-बोलत होता, आणि दुसऱ्याला उपयोगी पडावे म्हणून त्याने रक्त दिले होते.

त्याच्या आईने, लुसी डिसोझा यांनी, न्यायालयात धाव घेतली. वकील आनंद ग्रोव्हर त्यांच्या बाजूने उभे राहिले. न्यायालयाच्या आदेशाने डॉमिनिक घरी आला. पण मूळ कायद्याला दिलेले आव्हान मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केले नाही. आईच्या नावाने ओळखला जाणारा तो निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. डॉमिनिकने १९९२ साली बाधित लोकांसाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी तो गेला. २००५ सालच्या ‘माय ब्रदर निखिल’ या हिंदी चित्रपटाला त्याच्या आयुष्याची प्रेरणा होती.

हे वाचताना मला पुण्याचा प्लेग आठवतो. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला, आणि त्याच्या बळावर रँडच्या पथकांनी पुण्यात घराघरांत घुसून रोगी शोधले. शोधण्यामागचा हेतू साथ आवरण्याचाच होता. पण सोजिरांचे बूट देवघरात आणि स्वयंपाकघरात गेले, तेव्हा लोकांनी रोगी लपवायला सुरुवात केली. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे आपण शाळेत शिकतो. त्याच साथीतली दुसरी गोष्टही शिकण्यासारखी आहे. सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतच्या, दवाखान्यात नेले. त्या धावपळीत त्यांना स्वतःला प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोगी दवाखान्यात पोचवण्याच्या या दोन तऱ्हा एकाच शहरात, एकाच साथीत दिसल्या. एचआयव्हीच्या बाबतीत आपण बराच काळ पहिली तऱ्हा धरून बसलो.

आता माझ्या मुलखाकडे येतो. पारनेर हा पावसाच्या छायेतला तालुका. इथली घरटी माणसे मुंबईला. कुणी गिरणीत, कुणी बाजारात माथाड्याच्या कामाला, कुणी दुधाच्या धंद्यात. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबले, पण मुंबईला जाणारी एस. टी. थांबली नाही. बायकामुले गावी आणि गडी खोलीवर, असे संसार पिढ्यान्‌पिढ्या चालले. १९९० नंतर काही गडी सुकून परत येऊ लागले. अंगात ताप, तोंडात फोड, न थांबणारी हगवण. गावात कुजबूज चाले, ‘मुंबईचा आजार आहे.’ नाव कुणी घेत नसे. नगरला १९८९ पासून काम करणाऱ्या स्नेहालयासारख्या थोड्याच संस्था या माणसांना आणि त्यांच्या लेकरांना जवळ घेत होत्या.

त्या काळात कॅज्युअल्टीत चाचणी होत नव्हती का? होत होती, पण बहुतेक वेळा ती रोग्याला न विचारता. हाड मोडलेला, अपेंडिक्स सुजलेला माणूस ऑपरेशनला न्यायचा असला की बाकीच्या तपासण्यांबरोबर ‘तीही’ लिहून दिली जाई. आमच्या आळीतला एक ड्रायव्हर मांडीचे हाड मोडून एका मोठ्या दवाखान्यात दाखल झाला होता. मी डबा घेऊन जात असे. तिसऱ्या दिवशी त्याच्या केसपेपरवर लाल पेनाने खूण आली. खाट दाराशी सरकली. शेजारच्याचे नातेवाईक आपला पाण्याचा तांब्या उचलून लांब ठेवू लागले. ऑपरेशनची तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे गेली, आणि शेवटी ‘पुण्याला न्या’ असे सांगण्यात आले. या सगळ्याचे कारण त्याला स्वतःला सर्वांत शेवटी कळले, तेही कॉरिडॉरमध्ये, झाडूवाल्या मामांकडून. तो पुण्याला गेला नाही. घरी आला आणि वैदूकडून हाड बांधून घेतले.

त्या चाचणीने त्याला काय दिले? ना औषध, ना सल्ला. बायकोला तपासून घ्या, असेही कुणी म्हणाले नाही. चाचणी झाली ती डॉक्टरांना जपण्यासाठी. डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय यांची भीती मी खोटी म्हणत नाही. रात्रपाळीत रक्ताने माखलेला माणूस समोर असतो, हातात सुई असते, आणि घरी त्यांचीही लेकरे असतात. पण भीतीलाही हिशेब असतो. बाधित माणसाच्या रक्ताची सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीन इतकी मोजली गेली आहे. कावीळ ‘ब’ची शक्यता, लस घेतलेली नसेल तर, शंभरात तीसपर्यंत जाते. सुई टोचलीच तर ७२ तासांच्या आत, आणि शक्यतो दोन तासांत, औषध सुरू करून २८ दिवस घ्यायचे असते. शिवाय चाचणी ‘नाही’ म्हणाली तरी तो मधला आठवड्यांचा काळ असतोच. म्हणून जगभरच्या वैद्यकशास्त्राने नियम घातला, की प्रत्येकाचे रक्त बाधित असू शकते असे समजून प्रत्येकाच्या वेळी हातमोजे घाला आणि सुई जपून टाका. हा नियम पाळला तर स्वतःच्या रक्षणासाठी कुणाचेही रक्त चोरून तपासावे लागत नाही.

हा नियम मला पुस्तकाआधी कब्रस्तानात कळला. आमच्यात मयताला दफनाआधी गुस्ल देतात, म्हणजे विधिपूर्वक आंघोळ घालतात. अशाच आजाराने गेलेल्या एका पोराला गुस्ल द्यायला कुणी पुढे येईना. जमातीतले एक वृद्ध चाचा उठले. हातमोजे मागवले आणि म्हणाले, ‘आजपासून प्रत्येक मयताला हातमोजे घालूनच गुस्ल द्यायचा. श्रीमंताला आणि हाजीलासुद्धा. मग कुणाला काय झालं होतं, हे विचारायची गरजच नाही.’ त्या दिवसापासून ती रीतच पडली. चाचा शाळेची पायरी चढलेले नव्हते.

१९९७ साली या इतिहासाला दोन ठिकाणी वळण मिळाले. एक मुंबईत. एका सार्वजनिक महामंडळात हंगामी काम करणाऱ्या मजुराच्या रक्तात एचआयव्ही आढळला, आणि काम करण्याइतका धडधाकट असूनही त्याला कामावरून दूर ठेवले. मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की माणूस काम करू शकत असेल आणि इतरांना त्याच्यापासून मोठा धोका नसेल, तर केवळ बाधेच्या कारणाने त्याची रोजीरोटी काढता येणार नाही. न्यायालयाने त्याला नाव लपवून दाद मागू दिली. निकालाच्या कागदावर तो ‘एमएक्स’ या दोन अक्षरांनीच राहिला. गोव्यात आठ वर्षांपूर्वी नाव-गावासकट पहाऱ्यात ठेवलेला डॉमिनिक आणि मुंबईतला हा बिननावाचा मजूर. मधल्या काळात आपण किती पुढे आलो, ते यावरून कळते.

दुसरे वळण पुण्यातले. भोसरीला १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली होती. तिथल्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यातील गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या बायकांचा अभ्यास १९९७ साली अमेरिकेतील एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. २०२० साली करोनाच्या काळात दूरदर्शनवर रोज माहिती देणारे गंगाखेडकर ते हेच. या बायकांत ३९१ जणी शरीरविक्रय करणाऱ्या नव्हत्या. बहुतेकींचा आयुष्यभरात एका पुरुषाशीच, म्हणजे नवऱ्याशीच, संबंध आलेला होता. त्यांतल्या १३.६ टक्के बायकांना एचआयव्हीची बाधा होती. लग्न करून नांदणे एवढेच त्यांनी केले होते.

हा आकडा कॅज्युअल्टीतल्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. चेहरा, कपडे, धंदा पाहून ‘हा तसला वाटतो, याची तपासणी करा’ असा अंदाज बांधणाऱ्याच्या हातून या सगळ्या बायका सुटल्या असत्या. कपाळाला कुंकू लावून, पदर घेऊन बसलेल्या बाईला ‘चाचणी करू का?’ असे कोण विचारणार? म्हणून विचारायचे तर सगळ्यांना विचारावे, नाहीतर विचारण्याचाच अपमान होतो.

अमेरिकेत हे आधीच दिसले होते. बाल्टिमोर शहरातील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आलेल्या दोन हजारांहून अधिक प्रौढांचे रक्त नावे काढून तपासले गेले. १९८८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे पाच टक्के लोक बाधित होते आणि त्यांतल्या बहुतेकांची बाधा तोवर कुणाला ठाऊक नव्हती. ते आले होते जखम शिवायला, छातीत दुखते म्हणून, आणि टाके घालून घरी जाणार होते. तरीही सरसकट विचारण्याची शिफारस तिथे व्हायला २००६ साल उजाडले, कारण औषध नसताना नुसते निदान हातात देऊन काय करायचे, हा प्रश्न तिथेही होता.

औषधाची गोष्ट आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. १९९६ च्या सुमारास तीन औषधांचा एकत्रित उपचार आला आणि एड्सने होणारे मृत्यू झपाट्याने कमी होऊ लागले. पण वर्षाचा खर्च हजारो डॉलर. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तीच तीन औषधे दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी किमतीत देण्याची तयारी जाहीर केली आणि जगातले भाव कोसळले. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने ही औषधे फुकट द्यायला सुरुवात केली. मुंबईचे जे. जे. रुग्णालय पहिल्या काही केंद्रांपैकी एक होते. त्या दिवसापासून चाचणीचा अर्थच बदलला. तोवर ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे शिक्षा सुनावणे होते. आता ते उपचाराचे पहिले पाऊल झाले.

कॅज्युअल्टीसारख्या घाईच्या जागी ही चाचणी माणुसकीने करता येते, याचा दाखला महाराष्ट्रातल्या खेड्यानेच दिला. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे. आजूबाजूच्या गावांतल्या पुष्कळ बायका कळा सुरू झाल्यावरच तिथे पोचत. गरोदरपणी तपासणी झाली की नाही, याचा कागद जवळ नसे. आईला बाधा असेल आणि ती कळली नाही, तर बाळंतपणात ती बाळाला जाऊ शकते. वेळेवर कळली, तर औषध देऊन बाळाला वाचवता येते. एलायझाचा निकाल हाती येईपर्यंत मूल जन्मून मोकळे होई. प्रयोगशाळा दिवसा उघडी, आणि मुले रात्री जन्माला येतात!

२००६ साली डॉ. निकिता नव्हे, डॉ. नितिका पंत पै आणि सेवाग्रामच्या डॉक्टरांनी तिथे नऊ महिने एक प्रयोग केला. प्रसूतिकक्षात रात्रंदिवस, चोवीस तास, झटपट चाचणीची सोय ठेवली. हिरड्यांवरून एक पट्टी फिरवायची किंवा बोटाला टोचून थेंबभर रक्त घ्यायचे. अर्ध्या तासाच्या आत निकाल. पण चाचणीच्या आधी बाईजवळ बसून, कळांच्या मधल्या उसंतीत, तिला समजेल अशा भाषेत सांगायचे आणि तिची परवानगी घ्यायची. हजाराहून अधिक बायकांना असे विचारले गेले, आणि जवळजवळ सगळ्यांनी ‘हो’ म्हटले. २००८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाधित निघालेल्या बायका थोड्याच होत्या. पण ज्या निघाल्या, त्यांच्या बाळांसाठी त्याच रात्री काहीतरी करता आले.

‘आपल्याकडच्या अडाणी बायकांना काय विचारायचे, त्या नाहीच म्हणतील’ हा समज मी शिकलेल्या लोकांकडून फार ऐकला आहे. सेवाग्रामच्या बायकांनी तो खोटा पाडला. कळा सोसत असतानाही माणूस विचार करून उत्तर देऊ शकतो, विचारणाऱ्याने खाली बसून विचारले तर.

त्यानंतर सरकारी यंत्रणेतही रस्ता तयार होत गेला. २००६ पासून समुपदेशन आणि चाचणी एकत्र करणारी केंद्रे म्हणजे आयसीटीसी उभी राहिली. खेड्यापाड्यांत लोक त्याला ‘ती खोली’ म्हणत, पण त्या खोलीत बसणाऱ्या समुपदेशकांनी हजारो संसार सावरले. २०१७ पासून, बाधा कळली की पेशी कमी होण्याची वाट न पाहता लगेच औषध सुरू करण्याचे धोरण आले. नियमित औषधाने रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला, की लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही, हेही आता सिद्ध झाले आहे. म्हणजे एकाचे निदान वेळेवर झाले तर दुसराही वाचतो.

२०१७ साली संसदेने एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा केला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. रक्तपेढीसारखे मोजके अपवाद सोडले, तर माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय ही चाचणी करता येत नाही. निकाल गुप्त ठेवावा लागतो. बाधित म्हणून उपचार नाकारता येत नाही. कर्मचाऱ्यांना हातमोजे, साधने आणि सुई टोचल्यास औषध देण्याची जबाबदारी संस्थेवर आहे. तक्रारीसाठी राज्यात लोकपालाची तरतूद आहे, आणि तातडीच्या वैद्यकीय बाबतीत त्याने २४ तासांत आदेश द्यावा असे कायदा म्हणतो. आमच्या आळीतल्या ड्रायव्हरच्या वेळी यातले काहीच नव्हते.

तरीही काम संपलेले नाही. २०२१ च्या सरकारी अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते, आणि राज्यांमध्ये सर्वांत जास्त, चार लाखांच्या जवळपास, आपल्या महाराष्ट्रात. त्यांतल्या काहींना अजून आपली बाधा माहीत नाही. त्यांना ती कळते फार उशिरा, टीबी हाडापर्यंत गेल्यावर किंवा मेंदूला सूज आल्यावर, म्हणजे पुन्हा कॅज्युअल्टीच्याच दारात. त्याआधी जखमेसाठी, तापासाठी, धापेसाठी त्याच दारातून ते आत-बाहेर करून गेलेले असतात.

इंग्लंडने एप्रिल २०२२ पासून लंडनसारख्या जास्त बाधेच्या शहरांतील तातडीच्या विभागांत नवी पद्धत आणली. कशासाठी का होईना, रक्त काढले जाणार असेल, तर भिंतीवरच्या फलकातून आणि तोंडी सूचना द्यायची, आणि माणसाने ‘नको’ म्हटले नाही तर एचआयव्ही आणि यकृताच्या काविळीच्या चाचण्याही करायच्या. आपण ही पद्धत जशीच्या तशी उचलू शकत नाही. आपला कायदा गप्प राहण्याला संमती मानत नाही, आणि डॉमिनिकच्या देशाने तसेच असायला हवे. पण सगळ्यांना विचारणे तर आपल्यालाही करता येईल.

ग्रामीण रुग्णालयात त्यासाठी लागते काय? झटपट चाचणीची किट रात्रीही कपाटाच्या किल्लीसकट हाताशी हवी. पडद्याआडचा एक कोपरा हवा, जिथे सासू आणि सरपंच दोघेही ऐकत नसतील. रात्रीच्या सिस्टरला विचारायचे शिक्षण हवे. पहिली चाचणी ‘आहे’ म्हणाली तरी ती शेवटची नसते. आपल्या पद्धतीत वेगवेगळ्या तीन चाचण्या जुळल्यावरच निदान पक्के होते, हे रोग्याला तिथल्या तिथे सांगायला हवे. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, दुसऱ्या दिवशी त्याला समुपदेशकाच्या खोलीपर्यंत आणि पुढे नगरच्या एआरटी केंद्रापर्यंत पोचवणारे माणूस हवे. चिठ्ठी देऊन भागत नाही. चिठ्ठी एस. टी.च्या खिडकीतून उडून जाते. आणि ज्याचा जीव धोक्यात आहे त्याचे उपचार या चाचणीसाठी मिनिटभरही थांबता कामा नयेत. शुद्ध आल्यावर, वेदना उतरल्यावर विचारता येते.

विचारायचे कसे? शब्दांशीच माझा धंदा असल्याने एवढे सांगतो. ‘तुमची एड्सची टेस्ट करायचीय’ हे वाक्य चुकीचे आहे, कारण अशी टेस्टच नसते. चाचणी एचआयव्हीच्या बाधेची असते. एड्स ही उपचार न मिळाल्यास पुढे येणारी अवस्था. आणि ‘तुमची’ म्हटले की माणूस दचकतो. त्याऐवजी, ‘मावशी, इथं येणाऱ्या सगळ्यांनाच आम्ही विचारतो. तुमचं रक्त घेतोच आहोत, त्यात एचआयव्ही बघू का? असला तरी औषध आहे, फुकट आहे. नको असेल तर नको म्हणा, बाकीच्या उपचारात काही कमी होणार नाही.’ अर्ध्या मिनिटात एवढे बोलून होते. यातले शेवटचे वाक्य कधी गाळू नये. ‘नको’ म्हणायची मुभा असेल, तरच ‘हो’ला अर्थ राहतो.

कुणाला शंका असेल, विचारायचे असेल, तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेचा क्रमांक फुकट आहे आणि नाव सांगावे लागत नाही. चाचणीही सरकारी केंद्रांत फुकट होते. कॅज्युअल्टीत पोचण्याची वाट पाहायची गरज नाही.

आमच्या आळीतला तो ड्रायव्हर पुढे दोन वर्षे लंगडत जगला. त्याच्या बायकोला आपली बाधा कळली ती तो गेल्यानंतर, पण तोवर औषधे फुकट मिळू लागली होती. ती आज नातवंडांना शाळेत पोचवते. महिन्याच्या ठरल्या दिवशी गोळ्या आणायला जाते, आणि गोळ्यांची बाटली फडताळात देवाच्या तसबिरीशेजारी ठेवते. तिच्या नवऱ्याचेही रक्त तपासले गेले होते. फरक इतकाच, की तिच्या वेळी ते तिच्यासाठी तपासले गेले.